गेरूचं बोट

मी सहा वर्षं कापूस पारखत होतो आणि मला कापूस पारखता येत नव्हता. हे एवढं कागदावर उतरवायला मला चाळीस वर्षं लागली, तेव्हा वाचणाऱ्यानं लगेच हसू नये.

अमरावतीच्या परकोटाबाहेर एका सेठजींचं कापसाचं दुकान होतं. दुकान म्हणायचं एवढंच. खरं तर ते मोठं आवार होतं. एका अंगाला चरख्या, त्यांच्या फिरत्या लाकडी लाटांतून कापूस ओढून सरकी काढणाऱ्या बाया, आणि दुसऱ्या अंगाला गाठी आवळायचा लाकडी दाब. सेठजी वर्षातून दोनदा तोंड दाखवायचे. बाकी सगळा कारभार मुनीमजींचा. मुनीमजी मारवाडी दुकानात असले तरी माणूस दर्यापूरकडचा, पक्का वऱ्हाडी. साठीला टेकलेले, हडकुळे, बोलणं मोजकं आणि जे बोलतील ते तोडून. त्यांच्या हाताची कीर्ती सगळ्या वऱ्हाडात होती. कापसात हात घालून ते सांगायचे की हा नदीकाठचा आहे की माळावरचा, आणि कालचा वेचलेला आहे की आठ दिवसांपूर्वीचा.

मी भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. वांग्या-मिरच्यांच्या टोपल्यांमागे जन्म काढायचा नाही म्हणून त्यांच्या हाताखाली लागलो. मी सांगतो आहे त्या हंगामात मला सत्तावीस वर्षं झाली होती आणि घरी दोन मुली होत्या.

ते दिवस कापसाच्या वेडाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या रानातल्या बोंडांना एकाएकी भाव आला. ज्यांनी बापजन्मी ज्वारीशिवाय काही पेरलं नव्हतं तेही बांधापर्यंत कपाशी लावू लागले. भाव आला की मागून लबाडी येतेच. बाजाराच्या आदल्या दिवशी कापसावर पाणी शिंपडलं की तो जड होतो. वरचा थर उन्हा-वाऱ्यानं सुकतो, पण पोटात ओल राहते. असा कापूस गाठीत आवळला की आतून तापतो, कुजतो, आणि ज्याच्या दुकानाची खूण गाठीवर असेल त्याचं नाव जातं.

ओल ओळखायची म्हणजे गाडीवरच्या कापसात काखेपर्यंत हात घालायचा. हिवाळ्याच्या सकाळी वरचा कापूस सगळ्यांचाच गार लागतो. पोटात मात्र चोख कापूस ऊब धरून असतो आणि शिंपडलेला गार पडलेला असतो. सरकी दाताखाली फोडून बघणारे होते, पण शिंपडलेलं पाणी सरकीपर्यंत जात नाही. दात फसतो. खरी पारख हाताचीच.

आणि पारख झाली की उजव्या बैलाच्या शिंगाला गेरूचं बोट ओढायचं. ही आमच्या बाजाराची रीत. बोट लागलं की सौदा झाला. मग त्या गाडीकडे दुसरं दुकान बघायचं नाही आणि आपण माघार घ्यायची नाही, कापूस कसा का निघेना. शिंगाला बोट लागलं म्हणजे शब्द लागला, असं म्हणायचे.

अमरावतीला आधी मुनीमजी हात घालत, मागून मी. मग ते विचारत, "काय म्हनतं?" मी सांगायचो, ओला किंवा चोख, आणि माझं बहुतेक बरोबर यायचं. बाजारात लोक म्हणू लागले होते की गुरूपेक्षा चेला सवाई होणार. आता खरं सांगतो. कापसाच्या पोटात हात असताना माझे डोळे मुनीमजींच्या तोंडावर असत. ओल लागली की त्यांच्या नाकाशेजारी एक बारीक आठी पडायची, इतरांना न दिसणारी. मी ती वाचायचो. माझ्या हाताला काय लागतं याचा विचार मी कधी केलाच नाही. तशी गरजच पडली नाही.

त्या पौषात मुनीमजी एकदम म्हणाले, "अकोल्याले जाय. तथी आपलं आवार घेतलं हाये. दाबावर मुकादम हाये, बाया हायेत. पारख तुही."

"आणि तुम्ही?"

"मी काहून येऊ? मंग तुले काहून धाडून राहिलो?"

दोन आठवड्यांनी अकोल्याहून गाड्यांचा तांडा खानदेशाकडे निघणार होता. आगगाडी तेव्हा तिथवरच आली होती. अकोल्याच्या बाजूला नुसते मातीचे भराव पडत होते. त्या तांड्यात आपल्या शंभर गाठी जायलाच हव्यात, असा हुकूम होता. जमलं तर अकोल्याचं दुकान माझ्याकडे राहणार. नाही जमलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बायकोनं वाटेसाठी भाकऱ्या बांधताना एवढंच म्हटलं की आता तुम्हाला दुकानाचं माणूस म्हणतील. मूर्तिजापूरपर्यंत मी त्याच गुर्मीत गेलो.

अकोल्याच्या बाजारात पहिल्या सकाळी पहिल्या गाडीत हात घातला आणि सवयीनं उजवीकडे मान वळवली. तिथे एक बैल उभा होता.

तोंडचं पाणी पळतं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. हात खांद्यापर्यंत कापसात, गाडीवाला बघतोय, मागच्या गाड्या थांबलेल्या, आणि माझा हात मुका. गार लागतंय का? लागतंय असं वाटलं. पुन्हा चाचपलं तर नाही असं वाटलं. मी आपला उगाच डोळे बारीक करून "हं" म्हणालो आणि त्या गाडीला बोट लावलं, कारण गाडीवाला माणूस बरा दिसत होता.

असे सहा दिवस काढले. रोज संशयाच्या गाड्या थांबवून ठेवायचो आणि दिवसाआड हरकाऱ्याबरोबर अमरावतीला चिठ्ठी धाडायचो. अमक्या कापसाचं काय करावं? तमका परत पाठवू का? तीन चिठ्ठ्या गेल्या. थांबलेले गाडीवाले शिव्या घालून दुसऱ्या दुकानांकडे वळले, आवारातला ढीग वाढेना, मुकादम माझ्याकडे बघून मिशीत हसायला लागला. सातव्या दिवशी उत्तर आलं. तिन्ही चिठ्ठ्यांना मिळून एकच ओळ होती: "हात तुह्या खांद्याले हाये का माया?"

ती ओळ वाचून मला इतका राग आला की चिठ्ठी फाडून टाकली. मनात म्हटलं, ठीक आहे, आता मरेपर्यंत काही विचारणार नाही. माणसाचं डोकं कसं चालतं बघा. मला उमगायला हवं होतं की हात शिकव. मला उमगलं की तोंड बंद ठेव. दुसऱ्या दिवसापासून मी फटाफट निकाल द्यायला लागलो. हात घालायचा तो नावाला. निकाल मी माणसाच्या तोंडावरून द्यायचो. सहा वर्षं एकाचं तोंड वाचलं होतं, आता सगळ्या बाजाराचं वाचायचं, एवढाच काय तो फरक. जो घाबरला त्याच्या पोटात पाप, जो बिनधास्त त्याचा माल चोख. मला वाटलं, जमलं.

तांडा निघायला दोन दिवस राहिले असताना एक बाई दोन गाड्या घेऊन आली. पन्नाशीची कुणबी बाई, नवरा नसलेली. गाड्या दीर हाकत होता, पण कापूस तिचा. ती स्वतः कधी बाजाराला आली नसावी. पदर घट्ट धरलेला, ओठ कोरडे, मी जवळ जाताच दोन पावलं मागे सरली. मी हात घातला न घातला आणि तिच्याकडे रोखून बघितलं. तिची नजर खाली गेली.

"ओला आहे. परत न्या," मी म्हणालो.

"ओला?" ती म्हणाली. "माया कापूस?"

"मला शिकवू नका. दिसतंय मला."

तेव्हा तिनं मान वर केली. "माया तोंडाकडे काय पायतं, भाऊ? कापसाकडे पाय ना."

आजूबाजूचे हसले. मला वाटलं, तिलाच हसले. मी पुढे निघून गेलो. तिच्या मागेच एक व्यापारी होता, खेड्यापाड्यांतून कापूस गोळा करून आणणारा. त्याच्या नऊ गाड्या. माणूस कसा! खांद्यावर शेला, तोंडात पान, मला बघताच हात जोडून, "या पारखी, तुमचंच नाव आयकून आलो. बिनधास्त पाहा, पोटापर्यंत पाहा." स्वतःच कापसाचा थर बाजूला सारून देत होता. मी दोन गाड्यांत हात घातला, सातांत घातलाही नाही. नऊच्या नऊ शिंगांना बोटं ओढली. बोटावरचा गेरू धोतराला पुसताना मला मुनीमजींची आठवण आली आणि वाटलं, असायला हवे होते बघायला.

दुपारी आवारात गेलो तर गाड्या रिकाम्या होऊन गेल्या होत्या आणि तो कापूस मोठ्या ढिगात मिसळून गेला होता. चाळीस गाड्यांचा ढीग, त्यातच सगळ्या गाठींची भिस्त. मी हिशेबाच्या ओट्यावर टेकतो न टेकतो तोच चरख्यांवरची एक बाई उठून आली.

"दादा, कापूस चिकटून राहिला."

"कशाला?"

"लाटेले. गुंडाळून राहिला सारा. कोरडा कापूस असा करत नाई."

मी ढिगाकडे धावलो. एका जागी हात घातला, दुसऱ्या जागी घातला, डोळे मिटले. तोंड बघायला तिथे कुणी नव्हतंच. तिसऱ्या जागी हात कोपराच्या पुढे गेला आणि गार लागलं. नुसतं गार नाही. मडक्याच्या तळाला लागतं तसं गार. बोटांना चिकटणारं. मी हात बाहेर काढून दोन पावलांवर पुन्हा घातला आणि तिथे ऊब होती. त्या क्षणी कळलं की या दोहोंत केवढा फरक आहे, आणि आंधळ्यालाही समजावं असं हे मी सहा वर्षं समजून घेतलं नाही. लाज इतकी वाटली की मी तसाच ढिगाला टेकून उभा राहिलो.

मुकादम मागे येऊन उभा होता. त्यानंही हात घालून बघितला.

"नऊ गाड्यावाला," तो म्हणाला. "मले वाटलंच. पण घाबरू नोका. मिसळून टाकू. वरून कोरडा, मंधात ओला. गाठ आवळली की कोन पायते? मुंबईले जाईन, थून बोटीत जाईन. गोरा उघडन तवा आपुन कुठी अन् गोरा कुठी!"

"आणि खूण?"

"खूण दुकानाची हाये. तुमची थोडीच."

तो लबाड माणूस नव्हता. त्या हंगामात निम्मी दुकानं हेच करत होती, आणि तांडा परवा निघणार होता. शंभर गाठी गेल्या असत्या. हुकूम पाळला असता. मुनीमजींना कधी कळलंही नसतं, आणि अकोल्याचं दुकान माझं झालं असतं. हे सगळं मी मनात अगदी नीट मांडून बघितलं. मी काही संत नव्हे. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. मी मिसळ म्हटलं, की यापुढे प्रत्येक गाडीशी मी माणसांची तोंडंच वाचणार. कारण ओल आतच राहणार असेल तर हात घालायचा कशाला?

"पसरा," मी म्हणालो.

"काय?"

"अख्खा ढीग. आवार झाडून घ्या, सगळा कापूस उन्हात पसरा. ओला निराळा, कोरडा निराळा. मी हात घालून सांगतो."

"तांडा जाईन."

"जाऊ द्या."

मुकादमानं कपाळाला हात लावला. मग मी मुनीमजींना चौथी चिठ्ठी लिहिली. नऊ गाड्या ओल्या घेतल्या, चूक माझी, हात न घालता बोट लावलं. कापूस पसरला आहे, गाठी या तांड्यात जात नाहीत. बस. त्यात विचारलेलं काही नव्हतं. हरकारा घोड्यावर बसून निघून गेला आणि मग माझी पाचावर धारण बसली. परत बोलवावं असं वाटलं, पण तो नजरेआड झाला होता.

पुढचे दिवस मी कसे काढले ते देव जाणे. सूर्य उगवला की बाया कापूस पसरायच्या, दुपारी उलटायच्या, मावळतीला गोळा करायच्या. मी ढिगाढिगांतून हात घालत फिरायचो. शंभर जागा, दोनशे जागा. मनगटापासून खांद्यापर्यंत कातडी सोलवटून निघाली. गार, ऊब, गार, अर्धवट. अर्धवट ओळखायला सर्वांत वेळ लागला. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला आभाळ धरलं. हिवाळ्यातलं ते करडं, जड आभाळ. एक शिडकावा आला असता तर सगळंच मातीत गेलं असतं. बाया कापूस झाकायला तट्ट्या धरून उभ्या, मी आवाराच्या मध्ये उभा. तासाभरानं वारा फिरला आणि ऊन पडलं. त्याच दिवशी बाजाराकडून तांड्याच्या घुंगरांचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला आणि थांबला. आमची एकही गाठ त्यात नव्हती.

त्या बाईचा कापूस शेजारच्या दुकानानं घेतला होता. तिथला पारखी मला मुद्दाम सांगून गेला की असा माल या आठवड्यात हाताला लागला नाही. ती मला मोर्णा नदीवर बैलांना पाणी पाजताना दिसली. मी जाऊन म्हणालो, "बाई, चुकलं माझं. तुमचा कापूस चोख होता."

तिनं माझ्याकडे बघितलं, यावेळी मुळीच न घाबरता. "तुमचं बोट नाई लागलं तं आमचा कापूस काय काळा पडला?" एवढं बोलून तिनं बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीवर जाऊन बसली. ते मला हवं तसं उत्तर नव्हतं, पण माझ्या लायकीचं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मुनीमजींची दोन बैलांची दमणी आवारात शिरली. चिठ्ठीला उत्तर म्हणून माणूस स्वतःच आला होता. उतरले, पाय झटकले, उन्हात पसरलेल्या कापसाकडे बघितलं.

"वाळला?"

"आज दुपारपर्यंत वाळेल."

"मुकादम मिसळ म्हने?"

"म्हणाला."

"मंग?"

"नाही मिसळला."

"हं." नाकाशेजारची आठी पडली की नाही ते मी बघितलंच नाही. माझी मान खाली होती. ते म्हणाले, "चाल, बाजाराले."

बाजारात पोचल्यावर त्यांनी गेरूची वाटी माझ्या हातून घेतली आणि पुढे झाले. मी मागे. म्हणजे निकाल लागला. पुन्हा अमरावती, पुन्हा मुनीमजींच्या मागून हात घालणं, बायकोला काय सांगायचं ते वाटेत ठरवायचं. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग कुणाचा ते कळत नव्हतं. मुनीमजी हात घालत होते, बोट ओढत होते. लोक गोळा झाले, कारण ते अकोल्याच्या बाजारात क्वचितच येत. मी मागून हात घालत होतो. चार गाड्या झाल्या. चारही चोख होत्या.

पाचवी गाडी जवळच्या गावच्या पाटलांची. मोठं घर, मोठे बैल. मुनीमजींनी हात घातला, काढला, गेरूत बोट बुडवलं. मी मागून हात घातला, आणि कोपराच्या पुढे गार लागलं.

मी मुनीमजींच्या तोंडाकडे बघितलं. सहा वर्षांची सवय ती. तोंड स्वच्छ होतं, आठी नव्हती. तोंड सांगत होतं, चोख आहे. बोट शिंगाकडे निघालं होतं. अख्ख्या वऱ्हाडाचा विश्वास असलेला हात तो. आणि मी कोण? पाच दिवसांपूर्वी नऊ गाड्या ओल्या घेऊन तांडा चुकवलेला माणूस. मी हात पुन्हा खोल घातला. गार. मडक्याच्या तळासारखं गार.

"थांबा," मी म्हणालो. "ओला आहे."

पाटलांचा चेहरा लाल झाला. मुनीमजींचं बोट शिंगापासून चार अंगुळांवर थांबलं. त्यांनी बोट मागे घेतलं आणि दुसरा हात कापसात घातला, काखेपर्यंत. बराच वेळ तो आतच होता. मी पहिल्यांदा त्या माणसाला डोळे मिटताना बघितलं. मग मान माझ्या कानाशी आणून, ओठ न हलवता ते म्हणाले, "मले काई लागत नाई."

मला वाटलं, मी हरलो. पण ते पुढे बोलले. "मागच्या हिवाळ्यापासून बोटाईले समजतच नाई. दोन्ही हात. कोनाले सांगू नको." म्हणजे गेलं वर्षभर मी ओलीची आठी वाचत नव्हतो, त्यांच्या मुरलेल्या डोळ्यांचा अंदाज वाचत होतो.

आणि सरळ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याले बोट लागनार नाई."

पाटील उसळले. "मुनीमजी, तुमचा हात सारा वऱ्हाड मानतो, अन् तुमी या पोट्याचं आयकता? तुमाले सोताले ओल लागली का? तेवढं सांगा."

मुनीमजींनी खोटं बोलायला हवं होतं. एक "हो" पुरला असता. ते म्हणाले, "नाई लागली. त्याले लागली."

मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला भीती वाटली, निव्वळ भीती. कारण आता माझ्यामागे कुणी नव्हतं. मी चुकलो असेन तर त्या म्हाताऱ्यानं चाळीस वर्षांचं नाव भर बाजारात माझ्या हातावर ठेवलं होतं. पाटलांनी रागाच्या भरात गाडीचं तट्ट सोडलं आणि कापूस चव्हाट्यावर ओतला, सगळ्यांनी बघावं म्हणून. वरचा पांढराशुभ्र थर घरंगळला. मग मधला आला, गोळ्यागोळ्यांनी, दाबून बसलेला. एका म्हाताऱ्या हमालानं त्यातला गोळा उचलून पिळला. पाणी काही गळलं नाही, पण त्याची मूठ ओली झाली आणि त्यानं ती पाटलांना दाखवली. घरच्या गड्यांनी केलं असेल, पाटलांना ठाऊकही नसेल. ते कापूस तिथेच टाकून निघून गेले.

मुनीमजींनी गेरूची वाटी माझ्या हातात दिली. पुढच्या गाडीपाशी ते थांबले आणि मी आधी हात घालण्याची वाट बघू लागले. मी घातला. "चोख," म्हणालो. त्यांनी हात घातलाच नाही.

दुपारी ते परत निघाले. अकोल्याचं दुकान तुझं, असं काही त्यांनी म्हटलं नाही. दमणीत बसताना एवढंच म्हणाले, "पुढच्या तांड्याले गाठी जाऊ दे," आणि बैल सुटले. त्या दिवसापासून माझ्या चिठ्ठ्यांना त्यांचं उत्तर कधी आलं नाही, कारण मी विचारलंच नाही काही; काय केलं तेवढं कळवत गेलो.

पुढे सात वर्षं ते अमरावतीच्या बाजारात उभे राहत. सोबत नवा माणूस घेऊन, त्याला आधी हात घालायला लावून. लोक म्हणायचे, काय शिकवायची पद्धत आहे म्हाताऱ्याची! मी ऐकायचो आणि मान डोलवायचो. बायकोलाही बोललो नाही. ते गेले तेव्हा स्मशानात कुणीतरी म्हणालं की असा हात पुन्हा होणे नाही, तेव्हाही मी गप्प होतो. आज ते नाहीत, सेठजी नाहीत, दुकानही नाही. म्हणून लिहिलं, आणि लिहून झाल्यावरही वाटतं आहे की हे कधी लिहू का, असं त्यांना विचारायला हवं होतं.